संडे गोल्ड: खरी कुरकुर ॲक्शन पॉइंट्सची
टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाली खेळायच्या, लढायांमुळे समीक्षकांनी 'संडे गोल्ड' या चोरीवरच्या व्हिडिओ गेमला (२०२२) झोडपलं, हे मत मला पटत नाही. कॉमिकसारखी चित्रं आणि भविष्यातलं बकाल लंडन बहुतेकांना आवडलंच होतं. खरी कुरकुर होती ती शोधाशोधीतही खर्च होणाऱ्या ॲक्शन पॉइंट्सबद्दल, म्हणजे प्रत्येक कृतीसाठी मोजाव्या लागणाऱ्या मर्यादित गुणांबद्दल. गेममधल्या चोरांपैकी फ्रँकने कुलूप उघडलं, गॅव्हिनने संगणक हॅक केला, की पॉइंट्स गेले. संपले की ते परत मिळवायला टर्न संपवा, आणि दर टर्नला पहारेकरी येण्याची भीती.

मला तर हीच धडधड भावली! निवांत क्लिक करत खोलीभर फिरता आलं तर ती चोरी कसली? मात्र कोडं अडलं की नुसतेच टर्न संपवत बसावं लागतं, तिथे समीक्षकांची तक्रार अगदी रास्त आहे.