‘आजोबांचा गोतावळा’ ग्रुपवरचा रविवार

शलमोन काका: जय ख्रिस्त. आज उपासनेला ड्रमसेट! मी चौथ्या बाकावर होतो तरी छातीत धडधडत होतं. कोणी ठरवलं हे?

रूथ आत्या: पंचमंडळीने. तू तेव्हा डुलकी काढत होतास दादा.

शलमोन काका: ठराव एका गाण्याचा होता. तीन झाली.

आशिष: दोनच, काका. तिसरं आपलंच भजन, फक्त लय वाढवली.

शलमोन काका: तेच तर जास्त वाईट.

रूथ आत्या: यात मात्र दादाचं बरोबर आहे. अभंगाला काय चर्चगेटची गाडी पकडायची होती? दुसऱ्या कडव्याला आई गायचीच थांबली. पुस्तक न उघडता गाणारी बाई ती.

आशिष: दिसलं मला. पुढच्या वेळी भजनाला पेटी आणि टाळच. ड्रमवाला हात बांधून बसेल.

शलमोन काका: अरे, परंपरा म्हणून काही असते की नाही?

रूथ आत्या: कुठली? अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले ते त्यांच्या चाली घेऊन. त्यांवर मराठी शब्द कोंबून गायचो आपण. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, तोही मुंबईतच. त्यांनी अभंग-भजनाला मंडळीत मोठी जागा करून दिली. तेव्हाही चौथ्या बाकावर कोणीतरी कुरकुरलंच असेल 😄

लीना काकी: आमच्या वसईत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, लॅटिनमध्ये असायची. रोमला कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, १९६२ ते ६५, त्यानंतर मराठी आली. आई सांगायची, मराठीत कळायला लागल्यावर आजीला आधी चुकल्याचुकल्यासारखंच व्हायचं.

आशिष: आमच्यात उलटं आहे. अर्धी पोरं इंग्रजी माध्यमाची, रोमन लिपीत बघून गातात. म्हणून ‘कृपाळू’चं ‘कृपालू’ होतं.

हन्ना: मी बोलू? सहा महिने मी अंधेरीला इंग्रजी उपासनेला जाते. सगळ्यांना माहीत आहे, विचारत कोणीच नाही. ड्रमसाठी नाही जात. तिथे पहिल्याच रविवारी मला स्लाइड चालवायला बसवलं. आपल्याकडे संडे स्कूल सुटल्यापासून मला एकच काम, नाताळच्या नाटकात देवदूत. आता एकोणीस वर्षांची आहे मी.

हन्ना: आणि पडद्यावर ‘ख्रिस्त’ची अक्षरं फुटलेली दिसतात, फॉन्ट जुना आहे. सगळी गाणी युनिकोडमध्ये टाइप करून देते म्हटलं, तीनदा. लॅपटॉपचा पासवर्डच कोणी देत नाही.

शलमोन काका: पासवर्ड माझ्याकडे आहे.

रूथ आत्या: वाटलंच.

शलमोन काका: तरुण संघाची पोरं त्यावर क्रिकेट बघायची म्हणून बदलला होता. बरं. हन्ना, शनिवारी पाचला ये. रविवारी मेगाब्लॉक असतो.

हन्ना: येते. पण रविवारी स्लाइडही मीच चालवणार.

शलमोन काका: पाळकसाहेबांशी बोलतो.

रूथ आत्या: बोलतो नाही, आत्ता फोन लाव.

लीना काकी: आईंचा व्हॉइस मेसेज आलाय, लिहून टाकते. “मला पडदा नको. गाण्याचा नंबर मोठ्याने सांगा. आणि त्या ड्रमवाल्या मुलाला विचारा, जेवून गेला का.”