मदत हवी आहे : खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या पाण्यावर रिठ्याने धुणे कसे करावे?

नमस्कार. आमचे गाव अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात आहे. घरात सहा माणसे, दोन बैल, एक म्हैस आणि कपाशी-तुरीची शेती असल्यामुळे धुणे रोज निघते. ते साध्या घामाच्या मळाचे नसते. काळी माती, बैलबंडीचे वंगण, शेण आणि स्वयंपाकातील तेल-हळद हे सारे एकाच बादलीत येते.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या आणि तळहाताची कातडी सालीसारखी निघू लागली. डॉक्टरांनी मलम दिले आणि धुण्याची पावडर हाताला लागू देऊ नका असे सांगितले. सासूबाईंना धुण्यापासून दूर ठेवणे घरात कोणालाच जमलेले नाही, म्हणून पावडरच बदलावी असे मी ठरवले. दुसरे कारण सांदवाडीचे, म्हणजे घरामागच्या परसबागेचे आहे. आमच्या न्हाणीचे पाणी नालीने थेट वांगी, पालक आणि कढीपत्त्याच्या आळ्यांत जाते. उन्हाळ्यात झाडांना तेवढाच आधार असतो, पण तीन वर्षांत नालीच्या तोंडाजवळची जमीन वाळली की दगडासारखी टणक होते आणि ओली झाली की लोण्यासारखी चिकट. तिथे आता पालकही उगवत नाही.

घरगुती उपायांविषयी जे काही वाचायला आणि पाहायला मिळते ते मी करून पाहिले. फसले कुठे ते नीट लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपे जाईल.

आमच्याकडे दोन प्रकारचे पाणी असते. योजनेच्या नळाचे गोडे पाणी ठरलेल्या दिवशी येते आणि ते पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी साठवावे लागते. धुण्यासाठी विहिरीचे पाणी वापरतो, जे खारेही आहे आणि जडही. मागे तपासणी झाली तेव्हा त्याचा कठीणपणा भारतीय मानकाने दुसरा स्रोत नसल्यास चालवून घेतलेल्या लिटरमागे ६०० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्याही वर निघाला होता. साबणाची वडी घासली की फेस येण्याआधी पाण्यावर दह्याच्या निवळीसारखी साय जमते आणि तीच साय बादलीच्या कडेला राखाडी वळ होऊन बसते.

पहिला प्रयोग रिठ्याचा केला. आठ-दहा रिठे फडक्यात बांधून रात्रभर विहिरीच्या पाण्यात भिजत घातले आणि सकाळी तेच पाणी कपड्यांवर ओतले. बोटभर फेस आला आणि लुगडे बुडवताच बसला. रंगीत कपडे बरे निघाले, परंतु मामंजींच्या पांढऱ्या धोतरावर चहाच्या पाण्यासारखी पिवळसर झाक आली, जी आजही पुरती गेलेली नाही.

दुसरा प्रयोग धुण्याच्या सोड्याचा होता. दोन मुठी सोडा भिजवणीच्या बादलीत टाकताच पाणी ताकासारखे पांढरे झाले. कपडे वाळल्यावर गडद रंगाच्या सदऱ्यांवर पीठ उडाल्यासारखा थर दिसला आणि टॉवेल पापडासारखा कडक झाला. याच दिवशी एक गमतीचा, पण त्या क्षणी घाबरवणारा प्रकार घडला. मामंजींच्या टोपीवर वरणाचा पिवळा डाग होता. सोड्याचे पाणी लागताच तो डाग बघता बघता कुंकवासारखा लाल झाला. टोपीला कोणाचे तरी रक्त लागले असे समजून सासूबाई अंगणात धावत आल्या. हळद आणि सोडा यांचे हे नाते आम्ही हळदीकुंकवाच्या तबकात नेहमी पाहतो, तरी डोक्यात आले नाही.

तिसरा प्रयोग राखेचा. पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांची राख आमच्याकडे चुलीखाली ढिगाने असते आणि भांडी आम्ही अजूनही तिनेच घासतो. तांब्याचा गुंड आधी चिंचेने आणि मग राखेने घासला की जसा निघतो तसा कोणत्याही विकतच्या वडीने निघत नाही, हे मी पैजेवर सांगेन. परंतु राखेचे निवळलेले पाणी धुण्याला वापरले तेव्हा सासूबाईंच्या भेगांना असे झोंबले की त्यांनी उरलेले पाणी उकिरड्यावर फेकून दिले.

आता माझे प्रश्न. जड आणि खाऱ्या पाण्यात रिठा चालतो की नाही, आणि चालत असेल तर माझे कुठे चुकले? सोडा वापरल्यास पांढरा थर बसू नये म्हणून काय करावे? सांदवाडीत कोणते पाणी सोडलेले चालेल? आणखी एक प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कपाशीवर फवारणी करून आलेले कपडे रिठ्याने धुतले तर चालतील का? २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून आमच्या घरी हे कपडे वेगळे ठेवतात. पण ते धुते मीच, आणि उघड्या हातांनी.

शहरातील मऊ पाण्यासाठी लिहिलेल्या कृती कृपया सुचवू नयेत. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा उपाय मला चौघींनी पाठवला आहे. लिंबाचा रस घालून तो करूनही पाहिला. फसफस भरपूर झाली, मळ जिथल्या तिथे राहिला.

प्रतिसाद

ताई, माझे माहेर तेल्हारा तालुक्यातले, म्हणजे तुमच्यासारखेच खाऱ्या पाण्याचे, आणि सासर वर्धा जिल्ह्यातले. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले, त्यामुळे उत्तर जरा मास्तरकीचे झाले तर चालवून घ्या.

तुमच्या पाण्यात दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांची गल्लत केली की सगळे उपाय फसतात. जडपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे येतो. साबण या क्षारांशी जुळून न विरघळणारी साय तयार करतो, म्हणून अर्धा साबण मळापर्यंत पोहोचतच नाही. खारटपणा मुख्यतः मिठाचा असतो आणि तो सोड्यानेही जात नाही, उकळूनही जात नाही. टॉवेल कडक होण्यात या मिठाचाही वाटा आहे, कारण पाणी उडून जाते आणि मीठ धाग्यांत राहते. म्हणून बाकी सर्व धुणे विहिरीच्या पाण्यात करा, पण शेवटची खळबळणी जमेल तेवढ्या गोड्या पाण्यात करा. अर्धी बादली पुरते. पावसाळ्यात टिनावरचे पाणी पहिल्या एक-दोन सरी सोडून टाक्यात धरले, तर त्या पाण्यासारखे धुण्याचे पाणी आपल्या भागात दुसरे नाही.

रिठ्याचा तुमचा प्रयोग अर्धा बरोबर होता. रिठ्यातील फेसाळ द्रव्य म्हणजे सॅपोनिन. ते साबणासारखी साय धरत नाही, म्हणून जड पाण्यात साबणापेक्षा रिठाच भरवशाचा. मात्र सॅपोनिन सालीत असते, आतल्या काळ्या बीमध्ये नसते. अख्खे रिठे भिजवले तर साल नीट उकलत नाही. रिठे फोडून बिया काढून टाका, मूठभर साल तांब्याभर गोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी त्याच पाण्यात वीस मिनिटे उकळा, हाताने चुरून गाळा. हा काढा पेलाभर घेतला तर बादलीभर कपड्यांना होतो. फेस कमी दिसला म्हणून आणखी ओतत बसू नका, कारण फेस म्हणजे स्वच्छता ही सवय आपल्याला पावडरीने लावली आहे. उन्हाळ्यात काढा दोन-तीन दिवसांत आंबतो, तेव्हा लागेल तेवढाच करा. डोळ्यांत उडाला तर फार चुरचुरतो. उरलेला काढा विहिरीत किंवा नाल्यात ओतू नका, सॅपोनिन माशांना घातक असते.

पांढऱ्या कपड्यांवर रिठ्याची झाक येते, ती येणारच. काढा मुळात तपकिरी असतो. पांढरे कपडे रिठ्यात घालू नका. रिठ्याची खरी जागा रंगीत सुती कपडे, लुगडी आणि विशेषतः रेशीम-लोकर येथे आहे. राख आणि सोडा रेशीम-लोकरीचा धागा खातात, रिठा खात नाही.

सोड्याची चूक क्रमात झाली. सोडा पाण्यातील कॅल्शियमची चुनखडी करून खाली बसवतो. तुम्ही कपडे बुडालेले असताना सोडा टाकला, म्हणून ती चुनखडी कपड्यांवर बसली. रात्री रिकाम्या बादलीतील पाण्यात दोन चहाचे चमचे सोडा ढवळून ठेवा, सकाळी वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढा आणि मगच कपडे भिजवा. दोन मुठी हे प्रमाण तर फारच झाले. व्हिनेगर असो की लिंबू, आम्ल आणि सोडा एकत्र आले की एकमेकांना मारतात. उरते ते जवळजवळ निरुपयोगी क्षारपाणी.

सांदवाडीचे कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे, फक्त नाव दिले नाही. वाळल्यावर टणक आणि ओली झाल्यावर चिकट होणारी काळी जमीन म्हणजे सोडियम वाढलेली जमीन. खारपाणपट्ट्याच्या जमिनीत ते आधीच जास्त असते. धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात, धुण्याचा सोडाही सोडियमचाच. तो घरगुती म्हणून जमिनीला चालेल असे समजू नका. रिठ्याचे धुवण सांदवाडीत जाऊ द्या, सोड्याचे आणि साबणाचे दुसऱ्या बाजूला काढा. बिघडलेल्या आळ्यात जिप्सम घालून भरपूर गोडे पाणी मुरवण्याचा उपाय आहे, परंतु किती घालायचे ते माती तपासून कृषी सहायकाला विचारा.

फवारणीच्या कपड्यांचे उत्तर स्पष्ट आहे : रिठा नाही, राख नाही, कोणताही घरगुती उपाय नाही. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका, रबरी हातमोजे घाला, आधी नुसत्या पाण्याने खळबळा, मग गरम पाणी आणि भरपूर पावडर वापरून एकदा सोडून दोनदा धुवा, कडक उन्हात वाळवा आणि बादलीही धुऊन वेगळी ठेवा. हे पाणी सांदवाडीत, गोठ्याकडे किंवा विहिरीजवळ जाता कामा नये. ज्या कपड्यावर औषधाचा कॅनच सांडला असेल तो कपडा धुण्याच्या फंदात पडू नका, वापरातून काढून टाका. सासूबाईंना या बादलीपाशी फिरकू देऊ नका, मग त्या कितीही रागावल्या तरी.

हळदीचा डाग साबणाने लाल होऊ द्या आणि धुऊन ओलाच उन्हात टाका. ऊन हळदीचा रंग उडवते. आपल्याकडच्या उन्हात दोन दुपारी पुरतात.

मूळ प्रश्नकर्तीकडून

ताई, तुमच्या उत्तराला महिना झाला, म्हणून काय जमले ते कळवते. टोपीचा डाग दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खरोखर गेला. सोड्याचे पाणी रात्रीच करून ठेवते. सकाळी बादलीच्या तळाशी बोटाने रेघ ओढता येईल इतका पांढरा गाळ बसलेला असतो, आणि हा गाळ आजवर आमच्या कपड्यांत जात होता हे पाहून सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्या उद्योगाला मान डोलावली. त्यांच्या हातांच्या भेगा भरत आल्या आहेत. त्या आता फक्त रिठ्याचे धुणे करतात, आणि ते त्यांना कमी वाटते.

मातीच्या कपड्यांबाबत एक गोष्ट आम्हीच शोधली. चिखल ओला असताना चोळला तर काळी माती विणीत शिरते. पूर्ण वाळू देऊन झटकला आणि मग नुसत्या पाण्यात तासभर बुडवला तर रिठा निम्मा लागतो. मामंजींचे धोतर मात्र पूर्वीसारखे पांढरेशुभ्र निघत नाही. पावडरीतील चमक आणणारी द्रव्ये गेल्यावर ते असेच दिसणार असे मी त्यांना सांगितले आहे. ते नीळ मागतात.

नालीला मी विटांचा एक आडबंध घातला आहे. रिठ्याच्या दिवशी तो काढते, सोड्याच्या दिवशी लावते. हातमोजे आणले आहेत.

आता एक शेवटचे विचारायचे आहे. रिठा आमच्याकडे विकत आणावा लागतो, पण शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) हिंगणाची चार जुनी काटेरी झाडे आहेत. सासूबाईंच्या आई हिंगणबेटाच्या, म्हणजे हिंगणाच्या फळाच्या गराने रेशमी लुगडे धूत असत, असे त्या सांगतात. मात्र फळ पिकलेले घ्यायचे की हिरवे, आणि गर वाळवून वर्षभर ठेवता येतो का, हे त्यांना आठवत नाही. तुमच्या माहेरी किंवा इथे कोणाच्या घरी हिंगणबेट अजून वापरात असेल तर कृपया लिहावे. यंदा फळे भरपूर धरली आहेत.