‘दुर्लक्ष’ की ‘काणाडोळा’?

धागाकर्ती : प्रत्येक सूचनेला नकार देणाऱ्या, उलटून बोलणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी असलेल्या एका पुस्तिकेचे मी मराठी भाषांतर करीत आहे. मूल लक्ष वेधण्यासाठी किंचाळू लागले किंवा भुणभुण करू लागले, तर पालकांनी त्याच्याकडे पाहू नये, बोलू नये, रागावूही नये, आणि ते शांत होताच लगेच कौतुक करावे, असे तीत सांगितले आहे. यासाठी मी ‘नियोजित दुर्लक्ष’ असे लिहिले, परंतु मसुदा वाचून एका आईने विचारले, “मुलाची हयगय करा, असे सांगता आहात का?” दुसरा शब्द सुचवावा.

पहिला प्रतिसाद : ‘काणाडोळा’ घ्यावा. दिसत असूनही न पाहिल्यासारखे करणे त्यात नेमके येते. ‘काणा’ म्हणजे एका डोळ्याने आंधळा. म्हणून ‘कानाडोळा’ हे लेखन अशुद्ध आहे.

दुसरा प्रतिसाद : मी समुपदेशनाचे काम करते. अधिकारी गैरप्रकाराकडे काणाडोळा करतो तेव्हा तो अपराध पोटात घालतो. येथे तसे मुळीच नाही. अमेरिकेतील ओरेगनमध्ये मानसशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी १९६०च्या दशकात पालकांना शिकवण्याची जी दोन टप्प्यांची पद्धत बसवली, तिच्या पहिल्या टप्प्यात मुलाच्या खेळात सामील होणे, चांगल्या वागण्याचे कौतुक करणे आणि किरकोळ त्रासदायक वागण्याला प्रतिसाद न देणे हे एकत्रच शिकवले जाते. स्पष्ट सूचना आणि ती न पाळल्यास होणारा परिणाम दुसऱ्या टप्प्यात येतो. मारणे, वस्तू फोडणे यांना ही सवलत नाही. शिवाय सुरुवातीला किंचाळणे वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी पालक बोलले, तर अधिक जोराने किंचाळण्यालाच फळ मिळते. पालकांचे लक्ष, मग ते रागाचे का असेना, मुलाला बक्षिसासारखेच असते. म्हणून मी ‘लक्ष काढून घेणे’ असे म्हणते.

तिसरा प्रतिसाद : आमची आजी म्हणायची, “त्याच्या नादी लागू नकोस, आपोआप गप्प बसेल.” हेच लिहावे. घरोघरी ‘इग्नोर कर’ म्हणतात, तेही मला वर्ज्य वाटत नाही.

पहिला प्रतिसादक : पुस्तिकेत ‘इग्नोर’ नको. ‘नादी लागणे’ व्यसनाबद्दलही म्हणतात.

तिसरा प्रतिसादक : मग ‘कानाडोळा’च लिहा. किंचाळणे कानांनीच ऐकू येते, त्यामुळे कान आणि डोळा दोन्ही बंद करणे हा लोकांनी लावलेला अर्थ येथे अधिक जुळतो.

पहिला प्रतिसादक : लोकांनी लावलेला अर्थ म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. कोशात ‘काणाडोळा’ असाच शब्द आहे, आणि पालकांच्या हाती जाणारे लेखन तरी शुद्ध असावे.