'रडीचा डाव' म्हणजे नेमकं काय? (गेमिंग स्पर्धेच्या नियमपत्रकासाठी)

गोदाकाठ (नांदेड): कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये यंदा पुन्हा बीजीएमआयची (पबजीची भारतीय आवृत्ती, मोबाइलवरचा लढाईचा गेम) स्पर्धा आहे आणि मराठी नियमपत्रक माझ्या गळ्यात पडलंय. मागच्या पत्रकात एक ओळ होती, 'रडीचा डाव खेळणाऱ्या संघावर बंदी घालण्यात येईल.' तिच्यावरून मॅचपेक्षा भांडणच जास्त रंगलं. कॅम्पिंग, म्हणजे एकाच जागी लपून बसणं, ही रडी का? दोन स्क्वॉड (संघ) मिळून तिसऱ्याला मारतात, ज्याला टीमिंग म्हणतात, ती रडी का? रडी, कावा, लबाडी यांच्या सीमा कुठं आहेत, आणि 'बंदी' तरी बरोबर आहे का, जाणकारांनी सांगावं.

बालाघाटी (बीड): रडी हा 'रडणे'च्या घरचा शब्द. डाव अंगावर आला की जो कबूल करत नाही तो रड्या. कबड्डीत दम तुटला तरी 'तुटलाच नाही' म्हणतो, रेषेबाहेर पाय पडला तरी धुळीतला ठसा पुसून टाकतो, तो. म्हणजे रडी ही बाद होण्याच्या घटकेला होते, डाव रचताना नाही. झोपडीत दबा धरून बसलेल्यानं काय नाकारलं? काहीच नाही. उलट मेल्यावर 'नेट गेलं होतं, मॅच परत घ्या' म्हणून आयोजकाच्या मागं लागणारा खरा रड्या. चिडी शेजारची, पण तिच्यात रागच जास्त. चिडका बिब्बा म्हणतात तो हाच.

झोनबाहेर (लातूर): सर, पण अर्थ बदलतो की. आमच्या पोरांत जे आवडत नाही ते सगळं रडी. बॉम्बच फेकायला तर रडी, दोघांच्या फाईटमध्ये तिसरा घुसला तर रडी. शेवटच्या झोनमध्ये (आकसत आलेल्या मैदानात) एकजण गवतात साप होऊन पडलाय अन् आमचे तिघं रश करून, अंगावर धावून मेले. मग काय म्हणावं त्याला?

बालाघाटी (बीड): हुशार.

झोनबाहेर (लातूर): 😂 लई लागलं हे.

अंधारी (छत्रपती संभाजीनगर): त्याला 'कावा' म्हणावं. आपल्या मुलखात तरी या शब्दाची लाज वाटायला नको. दौलताबादच्या किल्ल्यावर ज्यानं अंधारी पाहिलीय त्याला कॅम्पिंग शिकवायला नको: वर जायची वाट काळोख्या भुयारातून काढलीय, आत शिरलेला शत्रू आंधळा आणि वाट पाहणारा ठाम. 1624 मध्ये भातवडीला मलिक अंबरानं तलावाचा बांध फोडून मोगल-आदिलशाही फौजेची छावणी चिखलात बसवली. त्याला कुणी 'समोर ये की' म्हणालं असेलही, इतिहासानं मनावर घेतलेलं नाही. कावा म्हणजे समोरच्याचा अंदाज चुकवणं. त्यात नियम मोडत नाही, फक्त अपेक्षा मोडते, आणि पोरांची निम्मी ओरड अपेक्षा मोडल्याची असते.

पण कावा आणि लबाडी यांच्या मधली एक जागा पत्रकात नेहमी सुटते. तिला मी 'फट' म्हणेन. खेळ बनवणाऱ्याकडूनच काही राहून गेलेलं असतं आणि खेळाडू त्यातून शिरतो. ड्रीमहॅक विंटर 2014 या स्पर्धेत काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेमच्या सामन्यात फनॅटिक संघाचे खेळाडू ओव्हरपास नावाच्या नकाशावर (गेममधल्या मैदानावर) एकमेकांवर चढले आणि वरचा अशा कडेवर उभा राहिला जी डोळ्यांना दिसतच नाही. तिथून त्याला नकाशाचा मोठा भाग दिसत होता. हरत आलेला सामना फनॅटिकनं फिरवला. समोरच्या एलडीएलसी संघानं तक्रार केली, आयोजकांनी आधी अर्धा खेळ पुन्हा घ्या म्हटलं, मग एलडीएलसीनंही तसलीच एक जागा वापरल्याचं निघालं आणि अख्खा नकाशाच पुन्हा खेळायचं ठरलं. शेवटी फनॅटिकनं माघार घेतली. त्यांनी हॅक लावला नव्हता, म्हणून 'लबाडी' शब्द बसत नाही. शत्रूला फसवलं असं म्हणावं तर फसला होता नकाशा, म्हणून 'कावा'ही बसत नाही. असल्या फटीला एकच नियम: स्पर्धेआधी माहीत असेल तर नाव घेऊन मनाई करा. माहीत नसेल तर पंचानं तिथल्या तिथं निकाल द्यावा, पण त्या खेळाडूला चोर ठरवू नये.

गोदाकाठ (नांदेड): मग कावा कितीही टोकाचा असला तरी चालू द्यायचा?

अंधारी (छत्रपती संभाजीनगर): अपवाद आहे. 1994 च्या सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो या मारामारीच्या गेममध्ये अकुमा नावाचं लपवलेलं पात्र होतं, इतकं जबर की ते घेता येत असेल तर दुसरं कुणी घेण्यात अर्थच नाही. स्पर्धांनी ते काढून टाकलं. कसोटी 'मला राग येतो का' ही नाही. 'याला तोड आहे का, आणि हे राहू दिलं तर बाकीचा खेळ उरतो का' ही आहे. सापाला ग्रेनेड आहे, धूर आहे, नाहीतर झोन आहेच.

दप्तरी (परभणी): आता 'बंदी'बद्दल. पत्रकं, आदेश लिहिण्यात नोकरी गेली, म्हणून थोडं किरकिरं बोलते. बंदी वस्तूवर असते: 2 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारनं पबजीवर घातली ती बंदी. कृतीला मनाई असते. खेळाडू त्या डावापुरता बाद होतो आणि संघ स्पर्धेतून अपात्र ठरतो. 'संघावर बंदी' लिहिलंत तर पोरं विचारणार, कधीपर्यंत? पुढच्या गॅदरिंगलाही का? आणि ते विचारतील ते रास्तच आहे.

दुसरं, क्रिकेटच्या नियमपुस्तकातला एक बदल बघण्यासारखा आहे. चेंडू टाकण्याआधी क्रीज सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला धावबाद करणं. 1947 मध्ये सिडनीला विनू मांकडांनी बिल ब्राउनला तसं बाद केलं आणि त्या प्रकाराला त्यांचंच नाव चिकटलं. हा नियम वर्षानुवर्षं 'अनुचित खेळ' या कलमात होता. ऑक्टोबर 2022 पासून तो तिथून उचलून 'धावबाद'च्या कलमात ठेवला. फलंदाज तसाच बाद होतो, पण आता गोलंदाजाकडं बोट दाखवायला नियमपुस्तक आधार देत नाही. तुमच्या पत्रकातसुद्धा कॅम्पिंग कोणत्या मथळ्याखाली जातं याला वजन आहे. 'गैरप्रकार' या मथळ्याखाली नको.

झोनबाहेर (लातूर): मॅडम, ते सगळं खरं, पण कॅम्पिंगनं मॅच बोअर होते. अर्धा तास बघायचं काय? नुसता जिना?

बालाघाटी (बीड): हा मुद्दा मान्य, पण त्यावर उपाय मनाईचा नाही. प्रो कबड्डीत संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढायचे. वेळकाढूपणावर बंदी घातली असती तर पंच काय, मनात शिरून बघणार होता? त्यांनी लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय' केली: गुण आण नाहीतर बाद हो. तुमच्या गेममध्ये आकसत जाणारा झोन हेच काम करतो. वर तुम्ही गुण बदलू शकता. गोदाकाठ, मागच्या वेळी गुण कसे होते?

गोदाकाठ (नांदेड): पहिल्या आलेल्या संघाला 20, प्रत्येक किलला (एक शत्रू मारला की) 1.

बालाघाटी (बीड): मग लपून बसायला तुम्हीच पाट मांडला होता. पोरांना कशाला बोलता? पहिल्याला 10 करा, किलला 1 राहू द्या, आपोआप बाहेर येतील.

झोनबाहेर (लातूर): हाव, हे पटलं. पण टीमिंगला मात्र सोडू नका. ते रडी नाही, कावा नाही, फटबिट काही नाही. सरळ चोरी आहे.

दप्तरी (परभणी): तिथं मीही तुमच्या बाजूनं. स्पर्धा म्हणजे प्रत्येकानं आपल्यासाठी जिंकायला खेळायचं, हे न लिहिलेलं वचन तिथं मोडतं. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटन दुहेरीच्या आठ खेळाडू अपात्र ठरल्या, कारण पुढचा सामना सोपा मिळावा म्हणून त्या मुद्दाम हरायला बघत होत्या. एकही फटका नियमाबाहेरचा नव्हता. तरी काढलं आणि योग्य केलं. पत्रकात 'साटंलोटं' लिहा, लगेच कळेल.

बालाघाटी (बीड): आमच्याकडं साटंलोटं म्हटलं की आधी सोयरीक आठवते, ह्यांची पोरगी त्यांच्या घरी अन् त्यांची ह्यांच्या. 'संगनमत' लिहा.

गोदाकाठ (नांदेड): कच्चा मसुदा असा:
'लपून बसणे, दबा धरणे, दोघांच्या लढतीत तिसऱ्याने शिरणे हे डावपेच आहेत. त्यावर तक्रार घेतली जाणार नाही. हॅक वापरल्यास संघ अपात्र. दोन संघांनी संगनमत केल्यास दोन्ही संघ अपात्र. नकाशातील फटीबाबत पंचांचा निर्णय त्या मॅचपुरता.'
संगनमत ठरवायचं कसं, एवढंच अडलंय. दोन स्क्वॉड एकमेकांसमोरून गोळी न झाडता गेले, तर दोघांकडं गोळ्या नव्हत्या असंही असू शकतं.

दप्तरी (परभणी): 'संगनमताचा संशय' आणि 'संगनमत सिद्ध' असं वेगळं लिहा. संशयाला ताकीद, सिद्धला अपात्रता. कस्टम रूममध्ये (आयोजकानं गेममध्ये उघडलेल्या खासगी मॅचमध्ये) प्रेक्षक म्हणून एक पंच बसवा आणि मॅचचं स्क्रीन रेकॉर्डिंग ठेवा. आणि 'पंचांचा निर्णय त्या मॅचपुरता' याच्या पुढं 'अंतिम' घाला, नाहीतर अपील येईल.

झोनबाहेर (लातूर): पंच कोण बसणार? आमच्या क्लासचा नको, तो स्वतःच साप आहे.