मदत हवी आहे: स्टॅग यांच्या बेसबॉलची माहिती कुठे मिळेल?

मंडळी, अमोस अलोन्झो स्टॅग यांच्यावर मराठीत लेख लिहितोय, एका ठिकाणी गाडी अडलीय. फुटबॉलचं भरपूर मिळतं (अमेरिकन फुटबॉल बरं का). १८९२ ते १९३२ शिकागो विद्यापीठात प्रशिक्षक. सत्तरी आली म्हणून तिथून निवृत्त व्हायला लावलं, तर गडी थेट कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला जाऊन शिकवू लागला आणि १९४३ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी, देशातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला! १९६५ मध्ये गेले, १०२ वर्षांचे होऊन.

बेसबॉलचं मात्र त्रोटक. येल विद्यापीठात ते नामी पिचर (चेंडू टाकणारे) होते, व्यावसायिक संघांनी बोलावलं तरी गेले नाहीत. शिकागो विद्यापीठाचा बेसबॉल संघही बरीच वर्षं त्यांच्याकडेच होता. त्याचे हंगामवार निकाल कुठे बघायला मिळतील? त्यांची कागदपत्रं विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, पण बाहेरच्यांना बघू देतात का?

शिकागोत राहणारं कुणी असेल तर जुन्या स्टॅग फील्डच्या (विद्यापीठाच्या मैदानाच्या) जागेचा एक फोटोही हवाय. तिथल्या पश्चिम स्टँडखाली २ डिसेंबर १९४२ ला पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली गेली. आता तिथे हेन्री मूर यांचं ब्राँझचं शिल्प आहे. फोटो काढणाऱ्याचं नाव लेखात देईनच.