जुन्या मोठ्या गाडीला डबल सायलेन्सर, हेडर वगैरे: अनुभव लिहा

विश्रामबागकर:
काल गणपती मंदिराजवळ एका वरातीत इम्पाला होती. बँडवाले दम खायला थांबले आणि तिचं इंजिन ऐकू आलं. अंगावर काटाच आला. आमचे दादा (वडील) मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्याकडे ड्रायव्हर होते. शेठजींकडे १९६२ची शेवरले इम्पाला, २८३ व्ही-एट (आठ सिलिंडरांचं इंजिन, चार डावीकडे, चार उजवीकडे). सायलेन्सर एकच. डाव्या बाजूचा धूर इंजिनाखालून आडव्या नळीने उजवीकडे यायचा आणि सगळा मिळून एकाच नळीने मागे. शेठजींनी मुंबईत दोन नळ्यांची पाहिली आणि हट्टच धरला.
बेंडिंग मशीन कुठलं हो तेव्हा! नळीत कोरडी वाळू ठासायची, दोन्ही तोंडांना लाकडाचे बुच, मग भट्टीवर लाल करून वाकवायची. वाळू नसली तर नळी वाकताना चपटी होते. आणि वाळू दमट राहिली तर आत वाफ धरते, बुच गोळीसारखं उडतं. म्हणून वाळू आधी भाजायची. आमच्या घरातली कढई त्यात कायमची गेली, आईने ते कधीच माफ केलं नाही.
त्या इम्पालांची चासी (खालचा सांगाडा) एक्स आकाराची (१९५८ ते ६४). दारांखाली बीमच नाहीत, मग नळी टांगायचा हँगर बांधायचा कशाला? ते कसं जमवलं ते सवडीने लिहितो. तुम्ही कुणी केलंय का असलं काही?

पोवईनाका:
हेडरच्या नादी लागू नका एवढंच सांगतो. भावाने अमेरिकेतून मागवले. तिकडचे हेडर डाव्या स्टिअरिंगच्या हिशोबाने केलेले. शेवरलेच्या व्ही-एटला स्टार्टर मुळात उजवीकडे, आणि आपल्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्सही उजवीकडेच. एवढ्याशा जागेत चार नळ्या कुठे कोंबणार? उजवा हेडर अजून माळ्यावर आहे, गणपतीच्या मखराशेजारी. डावा मात्र झकास बसला होता.

चहाबाज:
मग एका बाजूला हेडर आणि एका बाजूला कंपनीचं बीड (ओतीव लोखंड) ठेवायचं की. अर्धनारीनटेश्वर.

पोवईनाका:
आमचे मिस्त्रीसुद्धा हेच म्हणाले, आणि ते चेष्टा करत नव्हते.

सई_कराड:
हेडर म्हणजे नक्की काय? (भाजी शिजेपर्यंत वाचतेय.)

बिडाचा_माणूस:
ताई, इंजिनातून धूर गोळा करतो तो मॅनिफोल्ड. कंपनीचा बिडाचा, ओतीव. सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच जाड पोकळीत. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची पोलादी नळी, त्या पुढे जाऊन एका तोंडात मिळतात. धूर मोकळा निघतो, इंजिन वरच्या फेऱ्यांना खुलतं. पण वरातीच्या गाडीला वरच्या फेऱ्या कशाला? २८३चा मूळ रॅम्स हॉर्न मॅनिफोल्ड चांगलाच वाहतो. तो ठेवा, खाली दोन इंची दोन नळ्या काढा, बास. हेडरचा पत्रा पातळ, उष्णता बाहेर फेकतो, प्लगच्या वायरी भाजतात. गॅस्केट (सांध्यातली पट्टी) बसवून गाडी तापली की पुन्हा बोल्ट आवळायचे, नाहीतर फटफट सुरू.
आयुष्य पलूसकडच्या फाउंड्रीत गेलं, त्यामुळे बिडाची बाजू घेणारच मी.

जुनी_डॉज:
सहा सिलिंडरवाल्यांना विसरू नका. आमची डॉज किंग्जवे, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जोडलेली. मॅनिफोल्ड मधोमध कापला, पुढचे तीन एका नळीला, मागचे तीन दुसरीला. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-५-३-६-२-४. बघा, एक ठोका पुढच्या तिघांत, एक मागच्या तिघांत, आळीपाळीने. त्यामुळे दोन्ही नळ्या अगदी समान बोलतात. व्ही-एटवाल्यांनी कितीही मिशीला पीळ देऊ दे, हे सुख आमच्याकडेच.
कापणं सोपं, पण बिडाला वेल्डिंग धरत नाही. पहिल्यांदा ज्याच्याकडे नेलं त्याने थंड्यावरच साधा रॉड मारला, दुसऱ्या दिवशी तडा. (गावाचं नाव नको, पाहुणे आहेत तिथे.) मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी आधी सगळा तुकडा तापवला, निकेल रॉडने थोडं थोडं भरत गेले आणि राखेत पुरून ठेवला. सकाळी काढला तरी कोमट होता.

बिडाचा_माणूस:
निकेल रॉड आणि राख. मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा.

जुनी_डॉज:
ते गेले हो. पोरगा मोबाइलचं दुकान चालवतो.

मिरजवाला:
डॉजकाकांचं बरोबर आहे. शेवरलेच्या व्ही-एटचा क्रम लिहून बघा: १-८-४-३-६-५-७-२. विषम डावीकडचे, सम उजवीकडचे. ८ नंतर लगेच ४, ५ नंतर लगेच ७. एकेका बाजूला दोन ठोके पाठोपाठ पडतात, मग खंड. नळ्या पूर्ण वेगळ्या ठेवल्या की ती लंगडती लय उघडी ऐकू येते, आणि लोक त्याच आवाजावर मरतात. मध्ये आडवी जोडनळी टाकली की सौम्य होतो.
आमच्या गल्लीत तंबोरे करणारे एक आजोबा होते. मामाची गाडी दारात उभी राहिली की ओट्यावरून म्हणायचे, "डावा खरज उतरलाय." चेष्टा वाटायची. एकदा खरंच बघितलं तर डाव्या बाजूचं गॅस्केट फुंकत होतं.

विश्रामबागकर:
मिरजेत मेकॅनिक पण सुरात लागतो म्हणायचं!

कृष्णाकाठ:
२०१९च्या पुरात आमची शेड बुडाली. पाणी उतरल्यावर दोन्ही सायलेन्सरमधून गाळ काढला, एकात चक्क खेकडा. एवढंच सांगायचं होतं.

सई_कराड:
बाई गं. घरात किती पाणी होतं हो?

कृष्णाकाठ:
माळ्याच्या खाली चार बोटं. जाऊ दे ताई, तो विषय नको आज.

नाद_खुळा:
आमच्या काकांच्या इम्पालात कधीच मॅटाडोरचं डिझेल बसवलंय, पेट्रोल परवडंना म्हणून. मागं दोन चकाचक नळ्या. एक खरी, एक रिकामी. पीयूसीवाल्या पोरानं रिकाम्या नळीत नळी घातली, मशीन शून्य दाखवाय लागलं. "काका, गाडी लई भारी मेंटेन केलीय!"

चहाबाज:
:)) :)) चहा सांडला.

पोवईनाका:
हसा, पण आरटीओचं बघून घ्या. २०२१च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, फी वीस हजार. पण गाडी मूळ रूपात हवी, मोठे बदल चालत नाहीत. आणि त्या नंबरवर धंदा करता येत नाही, म्हणजे लग्नाचं भाडं बंद. मूळ मॅनिफोल्ड भंगारात घालू नका रे कुणी.

अंकलीपूल:
दोन नळ्या केल्यापासून उजवीतून धूर कमी येतो, जोरही लागत नाही. काय असेल?

बिडाचा_माणूस:
उजव्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी हीट रायझरची झडप असते. थंडीत कार्ब्युरेटरखाली गरम धूर फिरवायला. ती गंजून बंद स्थितीत अडकली की उजवी बाजू गुदमरते. सांगलीच्या उन्हात तिचा काय उपयोग? उघडी करून तारेने बांधा.

अंकलीपूल:
झडपच होती! हाताने हलेना, रॉकेल मारून ठेवलंय.

लिंबगाव:
नळ्या सडतात त्याचं पण लिहा कुणीतरी. दोन केल्या की धूर निम्मा निम्मा होतो, नळी पुरती तापत नाही, आत पाणी साठतं. नुसती मंडपापर्यंत जाऊन येणारी गाडी असेल तर लवकर सडते. महिन्यातून एकदा हायवेला न्या. आम्ही खंबाटकीपर्यंत जातो, वडापाव खातो, परत.

सई_कराड:
आमच्या लग्नात अशीच गाडी होती. साडेसतरा फूट लांब म्हणे, वाड्याच्या बोळात वळेना. मग मी शालू सावरत चालत गेले आणि नवरा गाडीत बसून राहिला. अजून ऐकवते.

विश्रामबागकर:
ताई :)
हँगरचं राहिलं. फ्रेमच्या मधल्या जोडाला लोखंडी पट्टीचे क्लॅम्प, त्याला ट्रकच्या जुन्या टायरचे कापलेले पट्टे. रबर असल्याने नळी हलते पण बडवत नाही. स्पीड ब्रेकरला मात्र तिरकीच घ्यायची.

नाद_खुळा:
पोवईनाका, तो माळ्यावरचा उजवा हेडर विकणार का? काकांच्या रिकाम्या नळीला जोडतो.



पोवईनाका:
भावाला विचारतो. पण मखर आधी खाली काढावं लागेल.