गणपतीच्या देखाव्यात समुद्राखालचं जग प्रोजेक्टरवर दाखवायचंय, भुसावळात. जमेल का, आणि करावं का?

भुसावळकर_पोरगा
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाचा दरवर्षी देखावा असतो, केदारनाथ झालं, किल्ला झाला, चांद्रयान झालं. यंदा आम्ही पोरं म्हणतोय की मूर्ती पुतळे काही नको, मंडपात शिरलं की चारी बाजूने समुद्र पाहिजे, भिंतीवर मासे, पायाखाली लाटा, आणि पोवळ्यांचं काय चाललंय ते लोकांना कळलं पाहिजे. टोकियोला टीमलॅब नावाच्या कलाकार मंडळींचं भिंती-जमिनीवर प्रोजेक्टरने चित्रं हलवणारं जे प्रदर्शन आहे ना, तसं काहीतरी, अर्थात आपल्या वर्गणीत बसेल एवढंच. एक मित्र पुण्यात ॲनिमेशन शिकतो, तो ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पोवळी बनवून देणारे. मंडप वीस बाय तीस फूट, पत्र्याचा, दोन प्रोजेक्टर भाड्याने मिळतायत.
अडचणी दोन. एक म्हणजे घरातूनच विरोध, आजी म्हणते "समुद्र कुठी न् आपन कुठी", आणि कमिटीतले काका म्हणतात पाणीच दाखवायचं तर आपल्या तापीवरच्या हतनूर धरणाचं दाखवा. दुसरी अडचण जास्त टोचते, आत पर्यावरणाचा संदेश आणि मंडपामागे डिझेल जनरेटर धडधडतोय, हे लोकांना दिसणारच ना भो. कोणी केलंय का असं काही?

पांझराकाठ
धुळ्यात कॉलेजच्या गॅदरिंगला प्रोजेक्शन केलंय तेवढ्यावरून सांगतो. पत्र्याच्या मंडपात पहिला शत्रू म्हणजे उजेड. रस्त्यावरचा लाईट आत आला की तुमचा निळा समुद्र राखाडी दिसतो, म्हणून आतून काळा कपडा आणि दारातून सरळ आत नको, एक वळण द्या म्हणजे उजेडही अडतो आणि रांगही लागते. पडद्याला मांजरपाट चालतो, चुण्या पडल्या तरी हरकत नाही, उलट पाण्याखालचं वाटतं. साडेतीन-चार हजार लुमेन उजेडाचे दोन प्रोजेक्टर असतील तर चारी भिंतींचा नाद सोडा, एका कोपऱ्याच्या दोन भिंती नीट करा, दोन चित्रं जोडतात तिथली कड एकमेकांत मिसळून घ्या. प्रोजेक्टर वर टांगा, नाहीतर प्रत्येक भाविकाची सावली माशांवर. चित्रं चालवायला टचडिझायनर सॉफ्टवेअरची बिगर-व्यावसायिक आवृत्ती फुकट आहे, रिझोल्यूशनला मर्यादा आहे पण मांजरपाटावर कोणाला कळणारे.
आणि लहान मुलांना घ्या. टीमलॅबचंच स्केच ॲक्वेरियम म्हणून आहे, पोरं कागदावर मासा रंगवतात, तो स्कॅन होतो आणि भिंतीवर पोहायला लागतो. नगरपालिकेच्या शाळेतल्या मुलांकडून मासे रंगवून घ्या, मोबाईलने स्कॅन करा. आपल्या पोराचा मासा बघायला अख्खं घर येतं, गर्दीची चिंता मिटली.

खारं_पाणी
मूळ जळगावचा, समुद्रशास्त्र शिकलो, आता कोकणात असतो. आधी एक विनंती, तुमच्या मित्राला सांगा की पांढरं पोवळं म्हणजे मेलेलं पोवळं असं दाखवू नको, सगळे तेच करतात. पोवळं हा प्राणी, त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, रंग त्याचा आणि बहुतेक अन्नही त्याच्याकडूनच. उन्हाळ्यात पाणी जेवढं जास्तीत जास्त तापतं त्याच्यावर १ अंश चढलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की पोवळं ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. तेव्हा ते उपाशी असतं, जिवंत असतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं. मेल्यावर त्याच्यावर भलतंच शेवाळ चढून ते मळकट दिसायला लागतं. म्हणजे तीन अवस्था झाल्या, आणि खरी गोष्ट मधल्या अवस्थेत आहे.
भुसावळात हा १ अंश समजावणं अवघड जाईल हे मान्य, आपल्याकडे ४५ ला पण लोक टपरीवर चहा पितात. म्हणून आकडा लिहू नका, घडताना दाखवा. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला जेसन डीकेअर्स टेलरचा 'ओशन सायरन' नावाचा पुतळा २०१९ पासून पाण्यात उभा आहे, डेव्हिस रीफ या पोवळ्यांच्या खडकावरच्या पाण्याचं तापमान येतं तसा त्याचा रंग बदलतो. तुम्ही लक्षद्वीपच्या पाण्याचं तापमान घ्या. अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेचा उपग्रहावरचा रोजचा डेटा फुकट मिळतो, आपल्या हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र माहिती केंद्राचीही पोवळ्यांसाठी इशारा व्यवस्था आहे. फक्त लाईव्ह लावू नका, गणपतीत पावसाळ्याचं पाणी असतं, रंग काही बदलणार नाही आणि लोक म्हणतील सगळं ठीकच चाललंय. २०२४ चा उन्हाळा लावा. त्या एप्रिलमध्ये जगातलं चौथं मोठं विरंजन, म्हणजे पोवळी पांढरी पडणं, जाहीर झालं, लक्षद्वीपची पोवळीही त्यात पांढरी पडली. ते महिने पाच मिनिटांत पळवा.

अमळनेरी
इचार भारी शे भो, पण काकांचं पण ऐका. समुद्र टीव्हीवर रोज दिसतो, तापी कोण दाखवतं? मुलताईला निघाली, बऱ्हाणपूर, भुसावळ करत ७२४ किलोमीटर जाऊन सुरतेपुढे समुद्राला मिळते. हतनूरला अडवली, पुढे उकाईला १९७२ पासून अडवली, म्हणजे पाण्याबरोबर जो गाळ खाली जायचा तो पण अडला. निर्माल्य आणि पिशव्या मात्र पुरात बरोबर पुढे जातात. तुमच्या भिंतीवर पहिली दोन मिनिटं तापी वाहू द्या, मग समुद्र. आजीला कुठी न् कुठीचं उत्तर तिथंच मिळेल.

खारं_पाणी
तापी हवीच. पण आपल्याकडून समुद्राला जाणारी वाट एवढी खालचीच नाही, एक वरून, हवेतून पण जाते. भुसावळातून दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात ना? माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्याचा साधारण चौथा हिस्सा समुद्र पितो. त्याने पाण्याचा सामू (पीएच) उद्योगयुगाच्या आधी ८.२ च्या आसपास होता तो ८.१ वर आलाय. ऐकायला काहीच वाटत नाही, पण ती मोजपट्टीच अशी आहे की एवढ्यात आम्लता जवळपास ३० टक्के वाढते आणि पोवळ्याला, शिंपल्याला चुन्याचं घर बांधणं जड जातं.

भुसावळकर_पोरगा
दादा मुद्दा जबरदस्त पण आमच्या मंडळाचे निम्मे मेंबर दीपनगरला कामाला आहेत, चिमणीला राक्षस केलं तर वर्गणी कोण देईल 😅 माझे वडीलच पहिले वर्गणीला नाही म्हणतील. दुसरं, मित्र म्हणतोय कॅमेरा लावू, ज्याने मोबाईल वर काढला त्याच्या समोरचं पोवळं पांढरं पडेल, खिशात ठेवला की परत रंग. कसं वाटतं?

पांझराकाठ
मोबाईलवालं नको. दर्शनाला आलेल्या बाईने फोटो काढला म्हणून लक्षद्वीपचं पोवळं पांढरं पडलं असं सांगणं खोटं आहे, आणि एवढी मेहनत घेऊन लोकांना ओशाळवायचं कशाला. दीपनगरची चिमणी मात्र दाखवा, राक्षस न करता. मंडपातला प्रोजेक्टर ज्या ग्रिडवर चालतो त्यात तिथली वीज आहेच, एवढं एक वाक्य लिहा. तुमच्या वडिलांना पण आवडेल बघा.

केळीबाग_यावल
जनरेटरचं कोणी बोललंच नाही म्हणून मी बोलतो, हिशोब करा की. दोन प्रोजेक्टर साडेतीनशे-साडेतीनशे वॅट, कॉम्प्युटर चारशे, साउंड शंभर, झाले सव्वा किलोवॅटच्या आत. संध्याकाळचे पाच तास धरले तर सहा युनिट. रस्त्यावर तुम्ही जे पाचशेचे दोन हॅलोजन लावता ते सहा तासांत तेवढंच खातात!! महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घ्या, जनरेटर फक्त लाईट गेल्यावर. मंडपावर सोलर टाकायचा मोह होईल पण भाद्रपदातल्या ढगात भरवसा नाही, आणि दाखवण्यापुरता एक पॅनल टांगायचा तर न टांगलेला बरा.
खडकांसाठी थर्माकोल आणू नका, २०१८ पासून बंदीच आहे. आमच्याकडे घड कापल्यावर केळीची खोडं शेतात पडून असतात, न्या किती पाहिजे तेवढी, पण ताजी नेऊ नका, चीक गळून मांजरपाटाला डाग पडतात ते निघत नाहीत आणि पाचव्या दिवशी मंडपात उभं राहवणार नाही. वाळलेली पानं, सोपटं (खोडाची सालपटं), धागा घ्या. वाळलेलं सोपट पिळून उभं केलं की त्याच्यावर प्रोजेक्शन मस्त बसतं, सपाट भिंतीपेक्षा खोली येते.

भुसावळकर_पोरगा
रविवारी गाडी घेऊन येतो यावलला. राहिला आवाज, बासरी लावू का लाटांचा आवाज?

खारं_पाणी
दोन्ही नको. लाटा वर असतात, तुम्ही खाली आहात. जिवंत पोवळ्यांच्या खडकावर सतत तडतड ऐकू येते, ती चिमटा वाजवणाऱ्या कोळंबीची, मधे माशांची घरघर. ऑस्ट्रेलियात मेलेल्या तुकड्यांवर निरोगी खडकाचा हा आवाज स्पीकरने वाजवला तर तिथे दुप्पट मासे येऊन राहिले, २०१९ चा अभ्यास आहे. तुमच्या पाच मिनिटांत पाणी तापत जाईल तशी ही तडतड कमी करत न्या. बाहेर मात्र पाटी लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी साउंडवाला येऊन म्हणेल स्पीकर फाटलाय, बदलून देऊ का.